हौसेच्या तळ्याचा बांध

अमेरिकेत देशभरातल्या धरणांची एक राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यात नव्वद हजारांहून जास्त धरणं आहेत आणि प्रत्येकापुढे ते कशासाठी वापरलं जातं हे लिहिलेलं आहे. त्या रकान्यात मुख्य कारण म्हणून सर्वांत जास्त वेळा काय येतं, असं विचारलं तर आपण सिंचन म्हणू, वीज म्हणू, फार तर पूरनियंत्रण म्हणू. उत्तर आहे करमणूक. मासे पकडायला, होड्या फिरवायला, पोहायला किंवा घराच्या खिडकीतून पाणी दिसावं म्हणून अडवलेले ओढे. यांतले बरेचसे बांध मातीचे, खाजगी मालकीचे आणि चांगले जुने आहेत. धरण म्हटलं की कोयना, उजनी, जायकवाडी आठवणाऱ्या आपल्याला हौसेसाठी धरण ही कल्पनाच थोडी चैनीची वाटते, आणि चैनीच्या तळ्यातून एवढं मोठं संकट कसलं येणार, असंही वाटून जातं. मला नेमकं उलट मांडायचं आहे. सारख्याच उंचीचं आणि सारख्याच मातीचं शेतीचं धरण नि हौसेचं धरण शेजारीशेजारी ठेवलं, तर दुसऱ्याची काळजी जास्त करायला हवी, कारण हौस पुरवण्यासाठी त्या बांधावर जे जे केलं जातं त्यातलं बहुतेक त्याच्या जिवावर उठणारं असतं.

त्यासाठी मातीचं धरण कशाच्या जोरावर उभं राहतं ते आधी पाहायला हवं. बाहेरून तो नुसता गवत उगवलेला उंचवटा दिसतो. आतून तो थरावर थर दाबून बसवलेला असतो. मध्ये चिकणमातीचा गाभा, ज्यातून पाणी अतिशय सावकाश झिरपतं. दोन्ही अंगांना मुरमाचं आवरण. नीट बांधलेल्या धरणात गाभ्याच्या मागे वाळूचा गाळण थर, जो झिरपलेल्या पाण्याला वाट देतो आणि मातीचे कण मात्र अडवून धरतो. पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मार झेलायला दगडी पिचिंग. मातीच्या धरणातून पाणी झिरपणारच, त्यात वावगं काही नाही; ते कुठून बाहेर पडतं आणि येताना सोबत काय आणतं, यावर सगळं अवलंबून असतं. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणाच्या माथ्यावरून थोडा वेळ पाणी वाहिलं तरी ते बहुधा निभावून जातं. मातीच्या धरणाचं तसं नाही. मागच्या उतारावरून धावणारं पाणी माती खरवडतं, खाच पाडतं, खाचेतून आणखी पाणी येतं, खाच रुंदावते, आणि मग तासाभराचाच प्रश्न उरतो. जगभरात फुटलेल्या मोठ्या मातीच्या धरणांचा हिशेब मांडला तर जवळपास निम्मी माथ्यावरून पाणी गेल्यानं फुटलेली निघतात, जवळपास निम्मी आतल्या आत माती वाहून गेल्यानं, आणि उतार घसरून फुटलेली थोडीशी. म्हणजे पुराचं पाणी बाजूनं काढून देणारा मोकळा सांडवा, तळातून पाणी सोडण्यासाठी चालू स्थितीतला विमोचक, आणि झिरप्यावर कोणाची तरी नजर, या तीन गोष्टींवर धरणाचं आयुष्य टिकून असतं.

आता शेतीच्या धरणाचं वर्ष आठवा. ते पावसाळ्यात भरतं, रब्बीत आवर्तनं सुटतात, मे महिन्यात तळ दिसू लागतो. त्या रिकाम्या दिवसांत आतला उतार उघडा पडतो आणि निसटलेलं पिचिंग, भेगा, बिळं कोणालाही दिसतात. विमोचकाची झडप दरवर्षी उघडली-मिटली जाते, त्यामुळे ती गंजून बसत नाही. पहिल्या मोठ्या पुराला सामावायला जागाही असते. आणि त्या पाण्यावर ज्यांचं पीक उभं असतं ती माणसं बांधावर येत-जात असतात. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांची गोष्ट याच कारणासाठी बोलकी आहे: ज्यांच्या धानाला पाणी मिळायचं त्यांच्याच हातात तलावाची देखभाल होती तोवर ते टिकले, मालगुजारी गेली, मालकी सरकारकडे गेली आणि पाळीवर माती टाकायला कोण जाणार हा प्रश्न मागे राहिला. हौसेच्या तळ्याला या कुठल्याच गोष्टीचा फायदा मिळत नाही. ते बाराही महिने काठोकाठ हवं असतं, कारण पाणी खाली गेलं की चिखल दिसतो, होडीचा धक्का कोरडा पडतो, पाहुणे नाराज होतात. पुरासाठी राखलेली जागा शून्य. आतला उतार वर्षानुवर्षं पाण्याखाली. झडप हलवायचं कारणच नाही, म्हणून ती हलत नाही, आणि एक दिवस हलवू म्हटलं तरी हलत नाही. मागच्या उतारावर सावलीसाठी झाडं, माथ्यावरून गाड्यांचा रस्ता, सांडव्यावर मासे अडवायला जाळी. प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर निरुपद्रवी.

या सगळ्या निरुपद्रवी गोष्टी एकाच बांधावर एकत्र आल्या तर काय होतं, याचं सर्वांत नीट नोंदलं गेलेलं उदाहरण म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण. ते मुळात हौसेसाठी बांधलेलं नव्हतं. राज्य सरकारनं कालव्याला पाणी पुरवण्यासाठी १८३८ मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि रखडत रखडत १८५३ मध्ये संपवलं. उंची सुमारे २२ मीटर, लांबी सुमारे २८४ मीटर. पायथ्याच्या दगडी मोरीत ओतीव लोखंडाचे पाच नळ होते. पाणी हवं तेव्हा हवं तेवढं सोडण्याची ती सोय. पण तोवर रेल्वे आली होती आणि कालव्याचा धंदा बसला. धरण रेल्वे कंपनीकडे गेलं. १८६२ मध्ये मोरीपाशी ते एकदा फुटलंही, पण तलाव अर्धाच भरलेला असल्यानं फारसं नुकसान झालं नाही. १८७५ मध्ये ते एका काँग्रेस सदस्यानं विकत घेतलं, त्यानं ते पाचही नळ काढून भंगारात विकले आणि १८७९ मध्ये पडकं धरण पुढच्या गिऱ्हाइकाला दिलं. हे गिऱ्हाईक म्हणजे बेंजामिन रफ. पिट्सबर्गच्या धनिकांसाठी मासेमारी आणि शिकारीचा क्लब काढायचा त्याचा बेत होता. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन अशी पोलाद आणि बँकांच्या दुनियेतली नावं सभासदांच्या यादीत होती.

क्लबनं धरण दुरुस्त केलं, असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात फुटलेली घळ माती, दगड, झुडपं, गवत, शेणखत असं हाताला लागेल ते टाकून बुजवली गेली. विकलेले नळ परत बसवलेच नाहीत. म्हणजे तलाव एकदा भरला की तो खाली करण्याचा कुठलाही मार्ग उरला नाही. माथ्यावरून दोन बग्ग्या एकमेकींना ओलांडून जाव्यात एवढा रस्ता हवा म्हणून माथा जवळजवळ मीटरभर छाटला. सांडव्यावर पूल आला, आणि पाण्यात सोडलेले बास मासे वाहून जाऊ नयेत म्हणून पुलाखाली लोखंडी जाळी. भरीला भर म्हणजे बुजवलेली घळ नेमकी मध्यभागी होती आणि ती हळूहळू खचली. मातीच्या धरणात मधला भाग सर्वांत उंच म्हणून तोच सर्वांत जास्त बसतो. जाणते बांधणारे म्हणूनच माथा मध्ये थोडा फुगीर ठेवतात. इथे तो खोलगट होता, म्हणजे पाणी माथ्यावर आलंच तर ते धरणाच्या सगळ्यात नाजूक जागेवरून जाणार हे ठरल्यासारखं होतं.

माथा मीटरभर छाटल्यानं एवढा काय फरक पडतो, हा प्रश्न साहजिक आहे, आणि इथे थोडं गणित उपयोगी पडतं. सांडव्यातून वाहणारं पाणी त्यातल्या खोलीच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगानं वाढतं. खोली दुप्पट झाली तर प्रवाह पावणेतीन पटींहून थोडा जास्त होतो. उलट खोली निम्मी केली तर प्रवाह जेमतेम एक तृतीयांश उरतो. धरणमाथा आणि सांडव्याचा तळ यांच्यातलं अंतर ही सांडव्याची खरी ताकद. माथा कापणं म्हणजे २२ मीटरांतला एक मीटर कापणं नव्हे. सांडव्यात वाहू शकणाऱ्या पाण्याच्या खोलीतला मोठा हिस्सा कापणं आहे. त्यावर जाळीत अडकलेल्या फांद्या आणि पालापाचोळा धरला तर कागदावरचा सांडवा आणि प्रत्यक्षातला सांडवा यांत किती अंतर पडलं असेल याचा अंदाज येतो.

कोणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं, असं मात्र नाही. धरणाच्या खाली सुमारे २३ किलोमीटरवर जॉन्सटाउन हे पोलादाचं गाव होतं आणि तिथल्या केंब्रिया आयर्न कंपनीचा प्रमुख डॅनियल मॉरेल यानं १८८० मध्ये आपला अभियंता जॉन फुल्टन याला पाहणीला पाठवलं. फुल्टननं दोन दोष नेमके टिपले: दुरुस्तीसाठी पाणी खाली करता येईल असा नळ नाही, आणि भराव इतका कच्चा की त्यातून मोठी गळती चालू आहे. रफनं उत्तर धाडलं की तुमच्या माणसांना आमच्या उद्योगापासून कसलाही धोका नाही. मॉरेलनं दुरुस्तीच्या खर्चाचा वाटा उचलायची तयारी दाखवली, क्लबाचं सभासदत्वही घेतलं; उपयोग झाला नाही. ३१ मे १८८९ रोजी आदल्या रात्रीपासून कोसळणाऱ्या पावसानं तलाव माथ्यापर्यंत चढला. सकाळभर मजूर माथ्यावर माती चढवत होते, दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खणत होते, जाळीतला कचरा ओढत होते. तारेनं इशारे गेले. पण धरण फुटणार ही आवई गावानं इतक्या वेळा ऐकली होती की ते कोणी फारसे मनावर घेतले नाहीत. दुपारी तीनच्या सुमारास बांध गेला. सुमारे दीड कोटी घनमीटर पाणी खोऱ्यातून उतरलं आणि तासाभरात जॉन्सटाउनवर आदळलं. २,२०९ माणसं मेली.

यावरचा पहिला आक्षेप त्या काळातच घेतला गेला आणि तो हलक्यात काढण्यासारखा नाही: पाऊसच असा होता की कुठलंही धरण टिकलं नसतं. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सनं चार नामांकित अभियंत्यांची समिती नेमली. तिचा अहवाल १८९० च्या सुरुवातीला तयार होता, तरी छापला गेला १८९१ मध्ये, आणि निष्कर्ष असा की क्लबनं केलेले बदल झाले नसते तरी धरण फुटलंच असतं, फार तर थोडं उशिरा. सव्वाशे वर्षं हाच शेवटचा शब्द मानला गेला. २०१६ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या जॉन्सटाउन शाखेतल्या संशोधकांनी जागेची लायडारनं, म्हणजे लेसर किरणांनी, मोजणी करून हिशेब नव्यानं मांडला. मूळ रचनेत पश्चिमेच्या टोकाला आणखी एक आपत्कालीन सांडवा होता आणि माथा छाटल्यामुळे तो निकामी झाला, असं त्यांना आढळलं. दोन्ही सांडवे धरून मूळ धरणाची पाणी वाहून नेण्याची क्षमता क्लबच्या धरणाच्या जवळपास दुप्पट होती. मला या दोन निष्कर्षांत दुसरा जास्त पटतो, आणि केवळ तो नवा आहे म्हणून नव्हे. १८९१ च्या समितीनं दुसरा सांडवा हिशेबातच धरला नव्हता. पण समजा ती समिती बरोबर होती असं मानलं, तरी हौसेच्या धरणाची बाजू काही सावरत नाही. नळ असते तर अंदाज घेऊन तलाव आधीच खाली करता आला असता, दुरुस्ती करता आली असती, हा फुल्टनचा मुद्दा पावसाच्या आकड्यांनी खोडला जात नाही. न्यायालयात क्लबकडून कोणाला काही मिळालं नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप जास्त रोजचा आहे. बावीस मीटरचं धरण मोठंच झालं. गावाबाहेरचं, दहा-बारा मीटरचं तळं फुटलं तर काय होणार, शेतात पाणी शिरेल. जॉर्जियातल्या टोकोआ इथलं केली बार्न्स धरण असंच होतं. उंची सुमारे १२ मीटर, लांबी १२२ मीटर. १८९९ मध्ये लाकूड-दगडाचा बंधारा म्हणून सुरुवात, मग त्यावर मातीचा भराव, मग आणखी उंची. कोणताही धड आराखडा नाही. १९५७ पर्यंत त्यावर एका छोट्या कॉलेजची वीज तयार व्हायची. ती बंद झाली आणि तळं फक्त मौजेसाठी उरलं. पुढची वीस वर्षं मागच्या उभ्या उतारावर झाडं वाढत राहिली; १९७३ मध्ये त्या उताराचा एक तुकडा घसरलेला छायाचित्रात दिसतो. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे दीडच्या सुमारास, चार-पाच दिवसांच्या पावसानंतर, ते फुटलं. खाली कॉलेजची वस्ती झोपेत होती. ३९ जण गेले. माथ्यावरून पाणी गेल्याचा तो प्रकार नव्हता. तपास मंडळाला एकच एक कारण सांगता आलं नाही, पण पाण्यानं भिजून जड झालेला तीव्र उतार घसरला असावा आणि त्याला आतल्या झिरप्याची जोड असावी, हा त्यांचा अंदाज होता. तलावातलं पाणी होतं सुमारे पावणेआठ लाख घनमीटर, म्हणजे साउथ फोर्कच्या विसाव्या हिश्शाहून थोडंच जास्त. धरण लहान की मोठं हे बांधाच्या उंचीवर पाहायचं नसतं. खाली कोण राहतं यावर पाहायचं असतं. आणि खाली राहणारे बदलत जातात. बांधताना खाली नुसतं रान असतं, चाळीस वर्षांनी तिथे प्लॉट पडलेले असतात.

केली बार्न्सनंतर अमेरिकेत जे घडलं ते आपल्याला ओळखीचं वाटेल. धरणांच्या पाहणीचा राष्ट्रीय कायदा १९७२ मध्येच झाला होता, बफेलो क्रीकच्या खाणीतल्या गाळाचा बांध फुटून १२५ माणसं मेल्यानंतर. पण खाजगी धरणांच्या पाहणीला पैसा दिला गेला तो १९७७ मध्ये, आणखी माणसं मेल्यावर. लष्कराच्या अभियंता विभागानं चार वर्षांत सुमारे ९ हजार धरणं पाहिली आणि त्यांतली जवळपास एक तृतीयांश असुरक्षित ठरवली. इतकी वर्षं ती उभी होती आणि त्यामुळेच सुरक्षित समजली जात होती. 'पन्नास वर्षं काही झालं नाही' हा युक्तिवाद दगडी वाड्याला कदाचित लागू पडेल. मातीच्या धरणात पन्नास वर्षांत लोखंडी नळ गंजून त्याला भोकं पडतात आणि नळाच्या कडेनं पाणी वाट शोधतं. गाळण थर नसलेल्या भरावात झिरपा वर्षाला थोडा थोडा पुढे सरकतो. आणि ज्या पुरासाठी सांडवा हवा असतो तो या पन्नास वर्षांत आलेलाच नसतो. टिकून राहणं हा पुरावा नव्हे, परीक्षा झाली नाही एवढंच त्यातून कळतं.

झाडांबद्दल लोकांचा सर्वांत जास्त वाद असतो, कारण मुळं माती धरून ठेवतात हे आपण शाळेत शिकलेलो आहोत आणि डोंगरउतारावर ते खरंही आहे. धरण हा डोंगर नाही. डोंगराच्या एका अंगाला पाण्याचा दाब नसतो. बांधावरच्या मोठ्या झाडाचं मूळ ओल शोधत गाभ्याकडे जातं. झाड मेलं की ते मूळ कुजतं आणि तेवढ्या जाडीची पोकळ नळी मागे ठेवतं. वादळात झाड उन्मळलं तर मुळांच्या गड्ड्याबरोबर बांधाचा लचका निघतो. शिवाय झुडपाखाली झिरपा दिसत नाही, बीळ दिसत नाही. म्हणून बांधावर फक्त गवत असावं आणि तेही कापलेलं. इथे एक सावधगिरी: वाढलेलं झाड कापून बुंधा तसाच सोडला तर कुजणाऱ्या मुळांचा धोका आपण स्वतःच सुरू करतो. जुनी मोठी झाडं काढायची तर मुळांसकट, पाणी खाली करून, खड्डा थरानं दाबून भरत, आणि जाणत्या अभियंत्याला समोर उभं करून.

झिरपा कसा पाहायचा हे तर इतकं सोपं आहे की ते न करण्याला सबबच नाही. बांधाच्या मागच्या पायथ्याला उन्हाळ्यात चालत जावं. आजूबाजूचं गवत वाळलेलं असताना एखादा पट्टा हिरवागार असेल, पाय टाकल्यावर जमीन फसत असेल, लव्हाळा उगवला असेल, तर तिथे पाणी येतं आहे. ते पाणी काचेच्या बाटलीत भरून उजेडाला धरावं. निवळशंख असेल तर आज घाबरायचं कारण नाही. ते एका चारीत गोळा करून किती मिनिटांत किती लिटर येतं हे तलावाच्या पातळीसह वहीत लिहावं. पाणी गढूळ असेल, किंवा तलावाची पातळी तीच असताना प्रवाह वाढत असेल, तर बांधाची माती बाहेर चालली आहे, आणि मग वहीत लिहीत बसण्याची वेळ गेलेली असते: पाणी सोडायचं, खालच्यांना उठवायचं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं गेली, तेव्हा त्या वेळच्या मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं आणि महाराष्ट्रभर त्याची टिंगल झाली. खेकडे, उंदीर, घुशी बांध पोखरतात हे अभियांत्रिकीच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. त्यात हसण्यासारखं नाही. हसू यायला हवं ते वेगळ्याच गोष्टीचं, की गळतीची तक्रार गावकरी करत असताना खेकड्यांची बिळं पाहणं हे कोणाचं काम होतं, याचं उत्तर कोणापाशी नव्हतं. तिवरे हौसेचं धरण नव्हतं, सरकारी सिंचनाचं होतं. जिथे शाखा अभियंता आहे, दप्तर आहे, तिथे ही गत असेल तर जिथे यांतलं काहीच नाही तिथे काय असेल?

मालकांची बाजूही ऐकायला हवी. तळं एखाद्या गृहनिर्माण संस्थेचं असतं, एखाद्या छोट्या क्लबाचं असतं. सांडवा रुंद करण्याचा खर्च त्यांच्या वर्षाच्या वर्गणीच्या कैक पटींनी असतो. हा आक्षेप खरा आहे. पण त्याला एक स्वस्त उत्तर आहे आणि तेच नेमकं कोणाला नको असतं: पाणी खाली ठेवा. दोन मीटर पाणी कमी केलं की दाब कमी होतो, झिरपा कमी होतो, पुराला जागा मिळते. सोडताना घाई मात्र करू नये, कारण पाणी झपाट्यानं उतरवलं तर आतला भिजलेला उतार पाण्याचा आधार गेल्यानं तलावाकडे घसरू शकतो. रोज थोडं थोडं उतरवावं. मिशिगनमधल्या ईडनव्हिल धरणाची कथा या बाबतीत वाचण्यासारखी आहे. १९२० च्या दशकातलं हे विजेचं धरण, पण शतकाअखेर त्याचं खरं मोल होतं ते विक्सम तलावाच्या काठच्या घरांसाठी. सांडवा अपुरा म्हणून २०१८ मध्ये केंद्रीय नियामकानं वीजनिर्मितीचा परवाना काढून घेतला. मालकानं हिवाळ्यात तलाव खाली केला तर शिंपले मेले म्हणून राज्यानं दावा लावला. काठच्या लोकांना पाणी वर हवं होतं. २०१९ मध्ये तलावाची पातळी न्यायालयानं ठरवून दिली. १९ मे २०२० रोजी, माथ्यावरून थेंबही न जाता, बांधाचा एक भाग काही क्षणांत खाली बसला. तपासात निघालं की भरावातली वाळू शंभर वर्षांपूर्वी नीट दाबलेलीच नव्हती आणि पाणी चढल्यावर ती पातळ झाली. दहा हजार लोकांना आधीच हलवल्यामुळे कोणी मेलं नाही. तलावाच्या पातळीवर इतके पक्ष भांडत होते. बांधाच्या पोटात काय आहे हे कोणीच खणून पाहिलं नव्हतं.

आता आपल्याकडचा कायदा. महाराष्ट्रात देशातली सर्वांत जास्त मोठी धरणं आहेत, नाशिकला धरण सुरक्षिततेची स्वतंत्र संघटना आहे, आणि २०२१ चा केंद्रीय धरण सुरक्षा कायदा लागू झाला आहे. हा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरांच्या धरणांना तो लागू व्हायला आणखी एखादी अट पुरी व्हावी लागते: माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, किंवा साठा किमान १० लाख घनमीटर, किंवा पूरविसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर, किंवा पायाची विशेष अडचण, किंवा वेगळ्याच धाटणीची रचना. दहा मीटरखालचं धरण या कायद्याला दिसतच नाही. ब्रिटननं १९२५ मधल्या दोन धरणफुटींनंतर १९३० मध्ये केलेल्या कायद्यापासून वेगळा रस्ता धरला. तिथे उंचीला महत्त्व नाही, जमिनीच्या पातळीच्या वर २५ हजार घनमीटर पाणी अडवलं की तलाव नोंदवायचा, आणि तो जास्त धोक्याचा ठरला तर दर दहा वर्षांत निदान एकदा मान्यताप्राप्त अभियंत्याकडून तपासून घ्यायचा. वेल्सनं तर ही मर्यादा १० हजारांवर आणली आहे. केली बार्न्स धरण आपल्या कायद्याच्या फूटपट्टीला लावून पाहा: उंची १२ मीटर, लांबी १२२, साठा पावणेआठ लाख. रचनेचा विचित्रपणा कोणी मुद्दाम दाखवून दिला नाही, तर ३९ माणसं मारणारं ते धरण आपल्या यादीत आलंच नसतं.

ही मर्यादा बदलायला हवी, आणि ती उंचीऐवजी खाली राहणाऱ्या माणसांवर ठरायला हवी. ते होईल तेव्हा होईल. तोवर फार्महाउस, रिसॉर्ट किंवा 'लेक व्ह्यू' प्लॉटच्या योजनेतल्या तळ्याखाली ज्यांचं घर आहे त्यांनी ग्रामपंचायतीमार्फत मालकाकडे लेखी विचारावं: सांडवा किती पुरासाठी आहे, तळातून पाणी सोडायची झडप शेवटची कधी फिरवली, आणि बांधाची पाहणी कोणत्या अभियंत्यानं कोणत्या तारखेला केली. उत्तर आलं नाही, तर मृगाच्या आधी तळं निम्म्यावर आणायला लावावं.